थोरल्याचंच उत्तर

एकाहत्तरच्या लढाईच्या सुमारास मी लष्करी कॅम्पातल्या एका कचेरीत नवा कारकून होतो. येळ्ळूर, खानापूर, निपाणीकडून जवानांच्या आयांची पत्रं यायची, आणि मराठी वाचणारा मी एकटाच. प्रश्न सगळ्यांचा एकच: माझा मुलगा कुठं आहे, बरा आहे ना? बहुतेक पत्रं गावच्या मास्तरांनी लिहून दिलेली, त्यामुळे मजकूरही तोच. काळजीपोटी एकेक आई आठवड्यात तीन-तीन पत्रं घालायची, आणि मी त्याच जवानाचे कागद तीनदा शोधत बसायचो. अगदी वैताग यायचा.

मग मी अक्कल चालवली. गाव, आडनाव, बापाचं नाव, यांवरून प्रत्येक चौकशीला एक नंबर. तोच नंबर पुन्हा निघाला की चौकशी जुनीच समजायची आणि शोध न घेता आधीचं उत्तर परत धाडायचं. मुलाचं नाव मी धरतच नव्हतो. घरी हाक मारायचं एक, पलटणीच्या कागदावर दुसरं. त्यानं घोळच व्हायचा. पलटणीतला नंबर तर कुठल्याच आईला ठाऊक नसे. महिन्याभरात माझं टेबल साफ झालं. हेडक्लार्कनी पाठ थोपटली, आणि मी चार दिवस हवेत होतो. आज त्या हुशारीची शरम वाटते.

एका दुपारी येळ्ळूरची एक बाई खिडकीशी आली. मीच धाडलेली दोन उत्तरं तिनं पुढं ठेवली. दोन्हींवर एकच नंबर, एकच वाक्य: मुलगा सुखरूप आहे.

"सायेब, थोरल्याचं दोनदा कळवलासा," ती म्हणाली. "धाकट्याचं कवा कळवनार?"

मी विचारलं, "आक्का, दोघं हायती पलटणीत?"

"व्हय. दुसरं पत्र धाकट्यासाठीच घातलंतं."

मी आत जाऊन कागद उपसले. जखमींच्या यादीत धाकटा होता, लांबच्या एका इस्पितळात. घरी पाठवलेली तार पत्ता चुकून परत आली होती. खाली नंतरची एक नोंद होती, आठ दिवसांपूर्वीची. धाकटा इस्पितळातच गेला होता.

खोटं बोलायचा धीर झाला नाही. बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. दोन्ही उत्तरांची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दुसरं पत्र घातलं तवा त्यो हुता?"

"हुता," मी म्हणालो.