लाईट गेल्यावरचा शेवट

मंडळी, लहानपणी अर्धाच बघायला मिळालेला एक भुताचा पिक्चर आज दुपारी मोबाईलवर पुन्हा लावला. बघून झाल्यापासून मन लागत नाही.

तेरला, आमच्या गावी, घरी टीव्हीवर बघताना ऐन शेवटाला लाईट गेली होती. आम्ही पोरं रडायला लागलो तशी चुलत बहीण रेखाताई म्हणाली, "म्या बघितलाय, ऐका. भूत त्या हिरोईनला भिववत नव्हतं. आत खुनी होता, म्हणून दारात अडवत होतं."

अंगावर काटा आला होता. त्या शेवटापायी मी आजवर पिक्चरवाल्याचंच कौतुक करत आलो.

आज बघतो तर भूत म्हणजे सोंग घेतलेली हिरोईनची सासू निघाली! लई फालतू.

लगेच मुरुम गावी राहणाऱ्या ताईला फोन लावला. ती हसायली. "म्या कुठं बघितला होता रे? तुम्ही रडायलात म्हणून दिला रचून."

"ताई, तुझा शेवट लई भारी होता. तू लिहायला पाहिजे होतंस."

ती म्हणाली, "तवा कुणी म्हणलं असतं, तर लिहिलं असतं की."

म्हणणार कोण? आमची सगळी शाबासकी त्या पिक्चरला गेली होती.

तुमच्या घरात कुणाची शाबासकी अशी भलतीकडं गेलीय?