आजची पुडी

दूध तापल्याचा वास आला की मला पुसदच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. आईचे गुडघे दुखायचे म्हणून महागावच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीच्या पुड्या दिल्या होत्या, आठवड्यातून एक, दुधातून. जन्मात कधी चहा न ठेवलेले बाबा त्यासाठी दूध तापवायला शिकले. आईला जरा बरं वाटू लागलं, तशी त्यांनी पुडी रोजच सुरू केली. संपल्या की मेडिकलमधून आणखी आणत. ताकदीची चीज, जास्त झाली तर काय बिघडते, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळा लागेपर्यंत आईची तहान भागेना, पोटात अन्न ठरेना, बोलता बोलता ती भलतंच बोलू लागली. पुसदला नेऊन रक्त तपासलं, तर रोजच्या पुड्यांनी कॅल्शियम फार वाढलेलं. "याच्यावर उतारा देऊन टाका न डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले. "दुसरं एखादं व्हिटॅमिन असतं तर लघवीवाटे निघून गेलं असतं, काका. हे चरबीत साठून राह्यते. सलाइन लावली आहे, आता हळूहळूच उतरन." म्हणजे आम्ही नुसतं बसून राहायचं. बाबा स्टुलावर बसले, रिकामे हात मांडीवर ठेवून. शेजारच्या खाटेपाशी कोणीतरी थर्मासमधून गरम दूध ओतलं. त्या वासानं आईनं डोळे उघडले, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अवो, आजची पुडी राह्यली न माही." आई पुढे घरी आली, सावरलीही. आता दूध मीच तापवतो, आणि ते वर येऊ लागलं की बाबा उठून अंगणात जातात.