काठीच्या टोकाचं कुंकू

आयुधपूजेला कोहळा फोडला की त्या कच्च्या वासासरशी मला मामाने आणलेला पोलादाचा तुकडा आठवतो. मामा एका थंड देशातल्या गोदीत, चार देशांच्या माणसांबरोबर, सेवेतून काढलेल्या अणुपाणबुड्या जपून तोडायच्या कामावर होता. त्या दसऱ्याला तो म्हैसूरला आमच्याकडे आला, पाणबुडीचा तळहाताएवढा तुकडा पणजोबांच्या तलवारीशेजारी पूजेला ठेवला आणि त्यात किरणोत्सर्ग नसल्याचा कागद वडिलांपुढे धरला. वडिलांनी कागद उजेडात उलटसुलट पाहिला. "चार देशांच्या सह्या? सुम्ने, उगाच कोण एवढ्या सह्या करतो? एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही, म्हणून ना!" "होय भावजी," मामा म्हणाला, "म्हणूनच तर एकाने मोजलेलं दुसरा पुन्हा मोजतो." वडिलांनी तुकडा चिमट्याने उचलला आणि बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवला. पण घरात आलेलं आयुध पूजेविना ठेवायचं नाही, ही आमची रीत. तेव्हा त्यांनी लांब काठीच्या टोकाला कुंकू लावलं आणि लांबूनच त्याला टेकवलं. मामा पोट धरून हसला, मीही हसलो. आता वडील नाहीत, तुकडा तलवारीशेजारी असतो. यंदा पूजेआधी मी तो कागद पुन्हा वाचला, चारही सह्या बोट ठेवून पाहिल्या, आणि काठी शोधायला परसात गेलो.