कुमुदमावशींनी विचारलेला प्रश्न

कुमुदमावशी गेल्या, हे त्यांच्या मुलाने, अविनाशने, फोनवर हिंदीतच सांगितलं. "दीदी, मम्मी नहीं रहीं." झाशीतल्या आम्हा मराठी घरांत आता असंच होतं... भाषा समजते, पण वेळेला तोंडात येत नाही. त्याला दीड महिना झाला. मला त्या दिवशी रडू आलं नाही, चीड आली. ती अजून गेलेली नाही.

नात्याने त्या मावशी नव्हत्या, आईच्या मैत्रीण होत्या. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. तिथे आम्ही त्यांना बहनजी म्हणायचो. माझे बाबा रेल्वेच्या कचेरीत होते आणि आम्ही सीपरी बाजारात भाड्याने राहत होतो. मी नववीत असताना अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा धडा आला. पुस्तकात पाच कारणं आणि पाच परिणाम होते. मावशींनी पुस्तक मिटलं आणि गुलामगिरीवरून एकाच देशातली माणसं एकमेकांवर उठली तेव्हा घराघरांत काय झालं, ते सांगायला लागल्या. मीठ मिळेना म्हणून मांस खारवायच्या खोलीतली माती उकळून लोकांनी मीठ काढलं. कॉफी नाही म्हणून रताळी भाजून कुटली. एक भाऊ या फौजेत, दुसरा त्या. आणि कुठल्याशा घरात एका सकाळी स्वयंपाकघर रिकामं... गुलाम बाया पोरांना घेऊन निघून गेलेल्या, आणि मालकिणीला चूल पेटवता येईना. आम्ही खूप हसलो. तेव्हा मावशींनी शांतपणे विचारलं, "कल तुम्हारे घर जमादारिन न आए, तो?"

तेव्हा सगळ्यांकडे टोपलीचे संडास होते आणि मैल्याची टोपली रोज जमादारीण उचलून न्यायची. मागच्या बाकावरची शांती उठून उभी राहिली. "बहनजी, इतवार को अम्मा के साथ मैं भी जाती हूँ." शेजारच्या मुलीने आपलं दप्तर जवळ ओढून घेतलं. तेवढ्यात घंटा झाली.

घरी जेवताना मी ही हकीकत गंमत म्हणून सांगितली. बाबांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ते आणखी तीन पालकांना घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेले. पुस्तकाबाहेरचं काही शिकवणार नाही, असं मावशींकडून लिहून घेतलं गेलं. पंधरा दिवसांत शांती शाळेत यायची थांबली. मावशी तिच्या घरी गेल्या, तर तिची आई एवढंच म्हणाली, "आपने तो पूछ लिया, बहनजी. रहना तो हमें यहीं है."

मग मावशींनी आपल्या घरची टोपली स्वतः उचलायला सुरुवात केली. सासूबाईंनी त्यांच्या हातचं जेवण सोडलं. यजमान म्हणाले, तुझ्या एकटीच्या करण्याने काय होणार? आणि काहीच झालं नाही, हेच मला सहन होत नाही. जमादारिणीचं एक घर कमी झालं, बाकीची घरं होती तशीच राहिली. पुढे पाण्याचे संडास आले तेही कुणाला लाज वाटली म्हणून नाही, गटारं झाली म्हणून.

पुष्कळ वर्षांनी मावशी एकदा म्हणाल्या, "प्रश्न मी विचारला आणि उभं राहावं लागलं त्या पोरीला. उभं मी राहायला हवं होतं गं." बाबांना कुणी सांगितलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही कबूल केलं नाही. पुढे मीही इतिहासाची शिक्षिका झाले... आणि निवृत्तीपर्यंत तीच पाच कारणं आणि पाच परिणाम शिकवत राहिले.

तेराव्यानंतर त्यांच्या सिव्हिल लाइन्समधल्या घरी गेले. गच्चीच्या कठड्यावर त्यांचा संडास घासायचा ब्रश उन्हात वाळत ठेवलेला होता, मुठीला जुन्या साडीची चिंधी घट्ट बांधलेली. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या हे काम स्वतः करत होत्या. अविनाशने विचारलं, "दीदी, बाथरूम के लिए कोई मिलेगी? मम्मी तो किसी को लगाने ही नहीं देती थीं." मी फोन काढला आणि माझ्याकडे येणाऱ्या बाईचा नंबर त्याला दिला. लिहून घेता घेता त्याने तिचं नाव विचारलं.

मला ते माहीत नव्हतं.