भाऊजींचा समुद्र

समुद्र कधीही प्रत्यक्ष न पाहता त्याच्यावर मालकी सांगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा थोरला दीर निघावा, हे माझं भाग्य. भाऊजींची एकुलती लेक लग्न होऊन पार पूर्वकिनाऱ्यावर गेली. जावई तिथल्या बंदरात नोकरीला. भाऊजी मात्र तिकडे फिरकले नाहीत. "मोबाइलमंदी रोज दिसते न समुद्र. जाऊन काय वेगळा दिसन?"

उपग्रहाची चित्रं ते लग्नात, तेरवीत, मेहकरच्या बसमध्ये, म्हणजे जिथून माणूस उठून जाऊ शकत नाही तिथे दाखवतात. चक्रीवादळाचा मधला डोळा भाकरीला पडलेल्या भोकासारखा साफ दिसला की वादळ जोरात. ढगाच्या कडा विस्कटल्या की ते गळपटलं. एवढं आता आमच्या डोणगावच्या म्हशींनाही पाठ झालंय. पण भाऊजींना प्रत्येक ढगात डोळा दिसतो. गेल्या दिवाळीआधी असाच एक दिसला आणि त्यांनी आमची सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली आवळून बांधायला लावली. वादळ आलंच नाही, ऊन मात्र कडक पडलं. आत वाफ कोंडून दाणे काळे पडले. जाब विचारला, तर म्हणाले, "वरच्या वाऱ्यानं ढगाचा माथाच सरकवला, बाई. मी काय करू?"

यंदा गंजी लागली आणि एका सकाळी भाऊजी चक्क गप्प. मी टोमणा मारला, "काय भाऊजी, आज ताडपत्री नाही का?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. गोल, घट्ट ढग. मधोमध साफ भोक. "आपल्याकडं नाही येत हे," एवढंच म्हणाले. ते कुठल्या किनाऱ्याकडे निघालंय, हे मलाही कळलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, इथं लय वारा सुटला. तुमच्या चित्रात कसं दिसून राह्यलं?"

"काही नाही वं माय. कडा फाटल्या त्याच्या, विरून राह्यलं. पण तू घरातच राय. पाणी भरून ठेव."

आयुष्यात एकही ढग लहान करून न सांगणारा माणूस त्या साफ भोकाकडे बघत हे बोलत होता. पलीकडचा आवाज तुटला, तरी फोन कानालाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला. लेक सुखरूप होती, दारातलं झाड तेवढं पडलं होतं. संध्याकाळपर्यंत भाऊजींचं ते वादळ सगळ्या गावाला दाखवून झालं होतं.

हल्ली लग्नात त्यांनी मोबाइल काढला की मी मान फिरवत नाही. शेजारी बसून डोळा बघते. गंजी मात्र उघडीच ठेवते.