सोळा बटणांतलं एक

कुठलीही गोष्ट एकदम सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये, या तत्त्वावर आमच्या दाजींइतकी श्रद्धा असलेला माणूस मी कोल्हापुरातच काय, पंचगंगेच्या दोन्ही काठांवर पाहिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नळ सोडतील तर आधी करंगळीएवढी धार, ती जरा वेळ निरखतील, मग अंगठ्याएवढी. पंखा एकवर लावून तो नीट फिरतोय अशी खात्री पटल्यावरच दोनवर नेतील. उन्हाळ्यात आलेला पाहुणा पंखा चारवर पोचेपर्यंत घामाघूम होऊन, चहा पिऊन उठलेला असतो. याला कारण त्यांची नोकरी. कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात त्यांनी उभा जन्म पॅनवर काढला. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरायचं भलंमोठं भांडं. तिथं वाफेचा व्हॉल्व्ह घाईनं फिरवला की दाणा बिघडतो. दाजी निवृत्त झाले, पण हातातला व्हॉल्व्ह काही सुटला नाही.

अशा माणसाच्या घरात सिंथेसायझर येईल असं कुणालाही वाटलं नव्हतं. उचगावातला एक लग्नाचा ऑर्केस्ट्रा बंद पडला. त्यातला वादक दाजींच्या जुन्या ओळखीचा. त्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेलं ते यंत्र दाजींनी उचलून आणलं, ते सुरांसाठी नव्हे, त्याच्यावरचे नॉब पाहून. गल्लीतले लोक त्याला पियानो म्हणतात, दाजी मशीन म्हणतात. आवाजाची धार कमीजास्त करणारा फिल्टर हा त्यांच्या लेखी व्हॉल्व्ह. तो ते डोळे मिटून, केसाकेसानं फिरवतात. आवाज किती सावकाश उमलावा याचा एक नॉब आणि किती सावकाश विरावा याचा दुसरा, असं समजलं तेव्हा त्यांना भरून आलं होतं. "ह्ये मशीन केल्याला माणूस पॅनवरचाच असणार की, पावणं," असं ते मला गंभीरपणे म्हणाले. यंत्र चालू असलं की वर लाल फडकं बांधायचं, म्हणजे कुणी हात लावायचा नाही. आणि ते चालू ठेवून बाहेर जायचं झालं, तर घरात जो असेल त्याला रीतसर चार्ज द्यायचा. व्हॉल्व्ह किती उघडा, वेग किती, कुठलं बटण पेटलेलं, कुठलं विझलेलं, हे सगळं ते तोंडी सांगतात. ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं, मगच दाजी चपला पायात घालणार. कारखान्यात पाळी बदलताना असंच करत. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी चार्ज दिला, आणि तो बिचारा दाजी दूध घेऊन परत येईपर्यंत यंत्रासमोर सावधान उभा होता. मला मात्र त्यांनी कधी चार्ज दिला नाही. तुमचा हात उतावळा आहे, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं.

या यंत्राच्या खालच्या अंगाला ओळीनं सोळा बटणं आहेत. जे बटण पेटवावं तिथं ठोका पडतो, जे विझवावं तिथं यंत्र गप्प राहतं. एक लाल दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातो आणि शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा ठेका भरून ठेवला की यंत्र तो वाजवत बसतं, माणूस हात बांधून बसला तरी चालतं. लोक असं यंत्र घेतात ते माणूस लागू नये म्हणूनच. दाजींनी ते नेमक्या उलट्या कामाला लावलं.

माझी बहीण आक्का गल्लीतल्या बायकांच्या भजनात टाळ धरायची. कुणी ठेक्याला चुकलं तर ती बोलायची नाही, नुसती बघायची, आणि त्या नजरेनं भल्याभल्या बायकांच्या हातातले टाळ गळून पडायचे. लहानपणी त्या नजरेचा प्रसाद मी पुष्कळ खाल्ला आहे. ती आक्का अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात चांगला होता. तो तरी हलता ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. पण आक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मला तिच्या पाठीकडं बघवत नसे, म्हणून मी तिथं जायचं टाळतच होतो. दाजींनी काय केलं, तिच्या खाटेच्या दांडीला एक टाळ दोरीनं टांगला, डाव्या हातात लाकडी चमचा दिला, आणि यंत्र तिला दिसेल असं समोर मांडलं. सोळांपैकी पंधरा ठोके भरले. शेवटचं बटण विझलेलं ठेवलं, आणि वेग इतका कमी की दोन ठोक्यांच्या मधे माणसाला जांभई यावी. दिवा सोळाव्यावर आला की यंत्र गप्प, आणि ती जागा आक्कानं भरायची. सुरुवातीला दाजी तिचा हात धरायचे. मग मनगटाला नुसतं बोट लावायचे. मग एके दिवशी ते लांब बसले आणि टाळ वाजला. वेगाचा नॉब ते महिन्याकाठी केसभर पुढं सरकवत, आणि तेवढ्यानं मला फोन करत.

शेजारचा वायरमन हा अगदी भला माणूस. एका सकाळी दाजींनी त्याला चार्ज दिला आणि ते दळण आणायला गेले. सोळावं बटण विझलेलं आहे हे त्यांनी सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नाही. पाळी बदलताना कारणं सांगायची पद्धत नसते. वायरमनला वाटलं, बटण सैल झालं असावं. त्यानं ते दाबून पेटवलं. दाजी परतले तेव्हा यंत्र एकही ठोका न गाळता वाजत होतं, चमचा चादरीवर पडला होता, आणि आक्कानं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. दाजी त्याला एका शब्दानंही बोलले नाहीत. उलट चहा पाजला, आणि तो गेल्यावर बटण विझवलं. पण आपल्यावाचून अडत नाही हे आक्कानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिनं चमचा हातात घेतला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कित्येक दिवस नाही. दिवा यायचा, ती जागा रिकामीच जायची, आणि दाजी तिच्या पाठीकडं बघत बसायचे. मी भेटायला गेलो तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "जनमभर दाणा धरला, पावणं. ह्यो काय धरंना."

त्याच दुपारी मी जे पाहिलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. दाजी उठले, यंत्रावरचं लाल फडकं त्यांनी ओढून काढलं, आणि वेगाचा नॉब एकदम पुढं फिरवला. व्हॉल्व्ह एकदम पुरा उघडला. मग समेवरचं बटण विझवलं, त्याच्या पुढचं विझवलं, भलत्याच ठिकाणची सलग पेटवली. ठेका लंगडा झाला, किंचाळायला लागला. इतका वाईट ताल मी कुठल्याही वरातीत ऐकलेला नाही. आमच्या दाजींचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. मी यंत्र बंद करायला उठलो तर त्यांनी हातानं मला अडवलं. खाटेवरची पाठ हलली. आक्कानं तोंड इकडं वळवलं आणि दाजींकडं पाहिलं, तीच ती नजर. मग डाव्या हातानं चाचपत तिनं चमचा उचलला आणि टाळावर हाणला, जिथं सम असायला हवी होती, बरोबर तिथं. आणि पुढच्या फेरीला पुन्हा. दाजी रडत रडत एकेक बटण जागेवर आणायला लागले, सावकाश, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं.

परवा दाजींना स्वतःच्याच छातीच्या तपासणीसाठी दवाखान्यात राहायला जायचं होतं. हल्ली नॉब धरताना त्यांची बोटं थरथरतात. त्यांनी मला समोर बसवलं आणि पहिल्यांदाच चार्ज दिला. व्हॉल्व्ह किती, वेग किती, सगळं सांगितलं, आणि कारणही सांगितलं, जे ते कधी सांगत नाहीत.

"सोळावं इजलेलंच ऱ्हाणार. तिची जागा हाय ती. तिला येळ लागंल, एकांदा येळ चुकंल बी. पर तुमी दाबायचं न्हाई. आणि मी दोन दिसांत आलो न्हाई, तरी बी दाबायचं न्हाई."

मी ते सगळं परत म्हणून दाखवलं. शेवटचं वाक्यसुद्धा. त्यांनी मान हलवली, आक्काच्या कपाळावर हात ठेवला आणि पिशवी घेऊन ते निघाले. माझा उतावळा हात मी मांडीखाली दाबून बसलो. दिवा सरकत सरकत सोळाव्या बटणावर आला. आक्कानं आधी माझ्याकडं पाहिलं, आणि मग टाळ वाजला. बोळातला दाजींच्या चपलांचा आवाज तेवढ्यापुरता थांबला होता. तो मग हळूहळू पुढं गेला.