जीपमागं पळालेली राहीबाई

उंब्रजपासून कोसभर आत, नदीच्या अंगाला असलेल्या एका गावात राहीबाई नावाची बाई होती. सिनेमात काम केलेली त्या पंचक्रोशीतली ती पहिली बाई. पण तिचं कौतुक करायला म्हणून मी हे सांगत नाही. तिचं काय झालं ते सांगतो.

तिचा नवरा नाथाजी फौजेतला हवालदार. एकाहत्तरची लढाई करून आला आणि दोन वर्षांनी पेन्शनीत निघाला. माणूस सरळ, पण हट्टाला पेटला की त्याच्यापुढं मारुतीनंही हात टेकावेत. पोरगा एकच, अर्जुना. सतरा-अठराचा. त्या वर्षांत पोरांना केस वाढवायचं खूळ लागलं होतं. कऱ्हाडच्या कॉलेजात गेलेला जो तो मानेवर जटा आणि खाली घंटेसारख्या घेराची विजार घालून यायचा. अर्जुनाचे केस खांद्याला लागले तेव्हा नाथाजीनं तीनदा सांगितलं, चौथ्यांदा न्हाव्याला घरी बोलावलं.

"धर त्येचं डोस्कं," तो राहीबाईला म्हणाला. आणि राहीबाईनं धरलं! पोटच्या पोराची मान दोन्ही हातांत गच्च धरली. तिला वाटलं, मानेवरचे तेवढे उतरवतील. नाथाजीनं सगळं डोकं तासायला लावलं, शेंडीसुद्धा ठेवली नाही. दारात बायका गोळा झाल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "आगं बया, बाप जिता आसताना?" आपल्याकडं बाप गेला म्हणजे पोराचं डोकं करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रागाच्या भरात ना हवालदाराला सुचलं ना राहीबाईला.

अर्जुना रडला नाही. उठला, अंगावरचे केस झटकले आणि म्हणाला, "बाप मेल्यावर डोस्कं करत्यात. आता मला बाप न्हाई." मग आईकडं बघितलं. तसाच उघड्या डोक्यानं हमरस्त्याकडं गेला, तो गेलाच.

पहिले आठ दिवस नाथाजी म्हणत होता, "भुकंनं यील माघारी." मग म्हणायचा बंद झाला. बाजारच्या दिवशी उंब्रजच्या स्टँडावर जाऊन बसायचा आणि गाडीतून उतरणाऱ्या केसाळ पोरांची तोंडं बघायचा. एवढा ताठ गडी, पण कुणी विचारलं तर सांगायचा, पेपर वाचायला आलोय. राहीबाईनं खंडोबाला, जोतिबाला, जिथं जिथं सुचलं तिथं नवस बोलले. सव्वा वर्ष झालं. पोराचा पत्ता नाही, दोन ओळींचं कार्ड नाही.

आणि एका माघात गावात सिनेमावाले आले.

पुण्याचे होते. डायरेक्टर म्हणजे हरी नावाचा पंचविशीतला पोरगा, हाडकुळा, गळ्यात मण्यांची माळ आणि केस अगदी अर्जुनासारखे खांद्यावर. गाव त्यांना हिप्पी म्हणायचं. नाथाजी तोंड फिरवून जायचा. राहीबाई मात्र भाकरी-पिठलं घेऊन रोज त्यांच्या तंबूपाशी. हरी जेवत असताना त्याच्या केसांकडं बघत बसायची. एकदा न राहवून तिनं विचारलं, "तुज्या आईनं काय म्हनलं न्हाई व्हय रं?"

"ती म्हणून म्हणून दमली, मावशी," तो हसून म्हणाला.

त्यांच्या सिनेमाची गोष्टही तशीच वेडीविद्री. दोन रिकामटेकडे हिप्पी साखर कारखान्याच्या चेअरमनचा पोरगा पळवायला जातात आणि अंधारात भलत्याच गरीब बाईचा पोरगा उचलून आणतात. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मग त्या पोराला सांभाळता सांभाळता पळवणाऱ्यांचीच पळता भुई थोडी होते. हसवायचा सिनेमा. गावाला गोष्ट कळली तेव्हा चावडीवर म्हातारेसुद्धा मांड्या थोपटून हसले. राहीबाई हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "गावतं का पोरगं माघारी?"

पोराला जीपमध्ये घालून नेतात आणि आई जीपमागं पळते, असा प्रसंग घ्यायचा होता. आईचं काम एवढ्याच प्रसंगापुरतं, ते करणारी बाई पुण्याची. ऊस तोडून नेलेल्या रानात तिला पळायचं होतं. तोडलेल्या उसाची बुडखं सुळासारखी वर आलेली असतात, आपली माणसं त्यातून पाय घासत चालतात. ती बिचारी पाय उचलून पळाली, दहा पावलांवर बुडखा तळव्यात घुसला आणि ती खाली बसली. दिवस कलत आलेला. हरीनं डोक्याला हात लावला. इकडं तिकडं बघितलं, तर पाटी डोक्यावर घेऊन राहीबाई उभी.

"मावशी, तुम्ही पळाल?"

"त्यात काय? रोजचंच रान हाय." मग पाटी उतरवत तिनं विचारलं, "ह्यो शिनुमा कुटं कुटं लागतुया?"

"सगळीकडं! पुणं, सांगली, कोल्हापूर, मुंबई. मग गावोगावच्या तंबूत."

"त्यात मी दिसनार?"

"तुम्हीच तर दिसणार."

राहीबाईच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. नवसानं जे झालं नाही ते आता होणार होतं. पोरगा कुठल्याही मुलखात असो, सिनेमा बघितल्याशिवाय राहायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. सिनेमापायीच तर केस वाढवले होते त्यानं! तिनं विचारलं, "मी वरडायचं काय?"

हरी कॅमेऱ्यात डोळा घालून होता. म्हणाला, "काहीही ओरडा, मावशी. तोंड हललं पाहिजे आणि रडू आलं पाहिजे."

आता हरीचा हेतू काही वाईट नव्हता. त्याच्या धंद्याची रीतच तशी. तेव्हाच्या सिनेमात चित्र आधी काढायचे आणि बोलणं मागाहून मुंबईला बंद खोलीत बसून भरायचे. सिनेमावाल्यांना ते इतकं अंगवळणी पडलेलं, की ते दुसऱ्याला सांगावं लागतं हेच त्यांच्या डोक्यात येत नसे. आणि आपल्या गावाला तरी काय माहीत? तोंड दिसतंय म्हणजे बोलही त्याच तोंडाचे, अशीच आपली समजूत.

जीप सुटली. कॅमेरा जीपमध्ये मागं तोंड करून. राहीबाई पळाली. पदर सुटला, भान नाही. थेट त्या काचेच्या डोळ्यात बघत ती ओरडली, "अर्जुना! माज्या सोन्या, माघारी ये रं! चुकलं रं माजं, मी डोस्कं धराया नगं हुतं! केस वाढीव, कमरंपतूर वाढीव, आबा काय म्हननार न्हाईत! पर ये रं बाबा! ये!"

बांधापर्यंत पळाली आणि तोंडावर पडली. जीप थांबली. हरीचे डोळे भरले होते. त्यानं तिला हाताला धरून उठवलं आणि म्हणाला, "मावशी, असं काम माझ्या जन्मात बघितलं नाही."

"पोचंल न्हवं?" तिनं विचारलं.

"पोचणार म्हणजे काय!"

त्या दिवसापासून राहीबाईचं रूपच पालटलं. वेणीफणी करायला लागली. कणगीतल्या गव्हाला हात लावू देईना, पोरगा आल्यावर पोळ्या करायच्या म्हणून. नाथाजीला तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि एवढंच म्हणाला, "आबा काय म्हननार न्हाईत म्हनलीस, ते बेस केलंस." पुढं वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. सिनेमा शहरांत लागून गेल्याचं कानावर आलं. मग दिवाळीनंतर उंब्रजला तंबू पडला आणि त्यात तोच सिनेमा आला.

गाव गाड्या जुंपून गेलं. राहीबाईला बायकांनी पुढं बसवलं, नाथाजी पुरुषांच्या बाजूला. सिनेमा सुरू झाला आणि तंबू नुसता हसत होता. मग ते रान आलं, ती जीप आली, आणि पडद्यावर हत्तीएवढी राहीबाई पळायला लागली. शिट्ट्या झाल्या. पडद्यावरच्या राहीबाईनं तोंड उघडलं आणि त्यातून कुणा परक्या बाईचा किनरा आवाज आला,

"घिऊन जावा रं त्येला, बाबांनू! माघारी आनू नगा! आठ भाकऱ्या खातंय मुडदं! माघारी आनलासा तर बगा! सुटले गं बाई, सुटले!"

तंबू कोसळायचा बाकी राहिला. माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. शेजारची बाई राहीबाईच्या पाठीत धपका घालून म्हणाली, "लय ग्वाड बोललीस गं!" डोळ्यांतलं पाणी तिचं, ते हात पसरणं तिचं, ते तोंडावर पडणं तिचं. बोल तेवढे कुणाचे तरी. राहीबाईला काही कळेना. ती उठून उभी राहिली आणि पडद्याकडं बघत म्हणाली, "मी आसं न्हाई म्हनले." मागच्यांनी ओरडून तिला खाली बसवलं.

घरी येऊन दोन दिवस झाले. मग नाथाजीच म्हणाला, "आवाज न्हाई तर न्हाई. तुजं त्वांड तर दिसलं आसंल त्येला. आईची सय आली आसंल." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा तोच धीर तिनं धरला.

आणि पंधरवड्यानं भावकीतला आकाराम सांगलीहून आला. गुळाच्या गाड्या घेऊन तो तिकडं जायचा. म्हणाला, "वैनी, मिरज रस्त्याला ट्रकच्या बॉड्या रंगवायचा एक कारखाना हाय. तितला मालक म्हनला, तुमच्या गावचा अर्जुना माज्याकडं हुता दोन-अडीच वर्सं."

सांगली! आसाम नाही, दिल्ली नाही, सांगली. सकाळच्या एस.टी.नं निघालं तर जेवणवेळेला पोचावं इतक्या जवळ. दुसऱ्याच दिवशी दोघं निघाली. आष्टा येईपर्यंत राहीबाई मांडीवरचं पोळ्यांचं फडकं सारखं नीट करत होती. आकाराम "हुता" म्हणाला होता, हे तिनं ऐकलंच नव्हतं.

कारखान्याचा मालक भाऊसो बाहेरच बसला होता. राहीबाईकडं बघितलं मात्र, त्यानं मांडीवर थाप मारली. "आगं मावशी! तुमी त्या पिच्चरमधल्या! आठ भाकऱ्यावाल्या!" रंगानं माखलेले कामगार गोळा झाले. एक जण म्हणाला, "मावशी, म्हना की त्ये एकदा!"

"माजा पोरगा कुटं हाय?" राहीबाई म्हणाली. "मी अर्जुनाची आई."

भाऊसोचं हसू जागीच विरलं. त्यानं दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग खाली बघत सांगायला लागला. "गुनी पोरगं. हात लय सरळ चालायचा. कवा घरचं नाव काढलं न्हाई. पर औंदा सरावनात आपनहून म्हनला, मालक, नागपंचमीला गावी जाऊन येतो, चार दिस सुट्टी द्या. आईला लुगडं घेतलं हुतं. जायाच्या आदल्या दिवशी मीच समद्यांना पिच्चर दावायला नेलं. हसून हसून मेलो आमी. ह्यो एकटाच गप. सकाळी बगतो तर पिशवी सोडून बसलेला. का रं, जायाचं न्हाई? तर म्हनला, न्हाई. आई नगं म्हनली."

"मला वाटलं, थट्टा करतंय," भाऊसो म्हणाला. "चार दिसांनी एका पंजाबी ट्रकवाल्यासंगं गेला. कुटं, ते सांगितलं न्हाई."

कुणी शहाणा म्हणेल, सिनेमातलं बोलणं खरं धरायला तो काय कुक्कुलं बाळ होता? अहो, ज्या पोराची मान आईनंच धरून दिली, त्यानं ती आई डोळ्यांदेखत रडताना बघितली आणि तिच्या तोंडातून ते शब्द ऐकले. अडीच वर्षं मनात जे खात होतं तेच ऐकलं. ते त्याला खोटं कसं वाटावं?

राहीबाईनं भाऊसोचा हात धरला. "मालक, त्यो आवाज माजा न्हवता वो. मी ये म्हनलं हुतं. शपत घिऊन सांगते, मी ये म्हनलं हुतं."

भाऊसो बिचारा गोंधळला. त्यानं नाथाजीकडं बघितलं, परत तिच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, पर त्वांड तर तुमचंच हुतं की."

राहीबाईनं त्याचा हात सोडला. नाथाजीनं विचारलं, उंब्रजकडं जाणारी गाडी कितीला आहे. भाऊसो म्हणाला, अडीचला.